वाड्याचा जीर्णोद्धार

जुन्या घराण्याचा वाडा आणि त्याच्या आधाराने गावात उभी राहिलेली देवळे, घाट, आड, तबेले यांची शक्यतो मूळच्याच साहित्याने केलेली दुरुस्ती. वाडा एकटा पाहिला की काम फसते. सातारा जिल्ह्यात वाईजवळ कृष्णाकाठी असलेले मेणवली हे याचे उत्तम उदाहरण. 1768 मध्ये नाना फडणवीसांना हे गाव इनाम मिळाले. त्यांनी ते वसवले, सहा चौकांचा वाडा बांधला, नदीला घाट घातला आणि घाटावर विष्णूचे व मेणेश्वराचे अशी दोन देवळे उभारली. तिथेच चिमाजी अप्पांच्या वसई मोहिमेतून (1739) आलेली पोर्तुगीज घंटा टांगलेली आहे. वाडा, घाट, देऊळ हा एकच संसार आहे. त्यातले एक नीटनेटके करून दुसरे पडू दिले, तर उरते ते चित्रीकरणाचे स्थळ. इथे चित्रित झालेला 'स्वदेस' (2004) हा चित्रपट पाहून मेणवलीला येणाऱ्यांना आधी घाटच आठवतो.

देशावरच्या वाड्यात बराचसा भार भिंतींवर नसून सागवानी खांब-तुळयांच्या सांगाड्यावर असतो. दोन खांबांमधले अंतर म्हणजे खण. वाड्याचे माप खणांतच सांगतात. खांब जमिनीत न पुरता दगडी तळखड्यावर उभा करतात, तरी ओल चढून त्याचा पाय कुजतो किंवा त्याला वाळवी लागते. अशा वेळी सगळा खांब बदलण्याची गरज नसते. तुळईला टेकू देऊन भार उचलतात, खांबाचा कुजका भाग कापतात आणि तेवढाच नवा सागवानी तुकडा सांधा करून बसवतात. जुन्या सागाचा चिवटपणा नव्या लाकडात क्वचितच मिळतो, त्यामुळे हाताशी असलेले लाकूड वाचवण्यातच शहाणपण असते.

चुन्याचे काम वेळखाऊ. भाजलेली चुनकळी पाण्यात विरवायची, मुरू द्यायची, मग वाळू किंवा विटेची सुरखी घालून घाण्यात मळायची. चिकटपणासाठी गूळ, बेलफळ, हिरडा यांचे पाणी घालण्याची रीत आहे. प्रमाण प्रत्येक गवंड्याचे वेगळे. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत सावकाश घट्ट होतो, आणि भिंतीतली ओल त्यातून बाहेर पडू शकते. सिमेंटचा गिलावा हीच वाट अडवतो. ओल आत कोंडते, वर सरकते आणि भिंतीत टेकलेल्या तुळईचे टोक कुजवते. वाड्यांचे निम्मे नुकसान असे दुरुस्तीनेच केलेले आहे, असे म्हटले तर फार वावगे ठरू नये. पन्हाळीची गळती आणि भिंतीत रुजलेला पिंपळ ही उरलेली नेहमीची कारणे. पिंपळ नुसता छाटून भागत नाही, मुळे दगडांच्या सांध्यांतून काढावी लागतात.

खरी अडचण मात्र कागदावर असते. सातबाऱ्यावर किंवा मिळकत पत्रिकेवर पिढ्यान्‌पिढ्या वाढत गेलेली नावे, शहरात गेलेले हिस्सेदार आणि पुण्यासारख्या ठिकाणी जुने भाडेकरू. एकाने कौले शाकारायची म्हटली तरी सगळ्यांची संमती लागते. तोवर दोन पावसाळे जातात, आणि जो चौक कोणाच्याच वाट्याला स्पष्टपणे आलेला नसतो तो आधी बसतो.