टर्कीचा खिमा आणि चिकनचा खिमा : एका कढईत शिजवताना

परदेशी पाककृतींमध्ये ‘ग्राउंड टर्की’ सध्या जिकडेतिकडे दिसते. एकच पॅन, अर्धा तास, तेल थोडं, प्रथिनं भरपूर आणि घासायला भांडं एकच. गोव्यात घरटी कुणी ना कुणी लंडनला, लिस्बनला नाहीतर आखातात असतंच, त्यामुळे अशी पाककृती व्हॉट्सअ‍ॅपवरून मडगाव-फोंड्यापर्यंत यायला वेळ लागत नाही. मग प्रश्न पडतो, टर्कीचा खिमा इथे आणायचा कुठून? आणि त्याच्या जागी चिकनचा घातला तर चालेल का? चालेल, अगदी खुशाल. फक्त पक्षी कुठला यापेक्षा त्याचा कुठला भाग यंत्रात गेला आणि कातडीसकट गेला की कातडी काढून, यानेच जास्त फरक पडतो. टर्की म्हणजे आपोआप पथ्याचं आणि चिकन म्हणजे त्याची स्वस्त नक्कल, असं काही नाही.

टर्की आपल्याकडे आठवते ती नाताळाला. ख्रिस्ती घरांत सारण भरून भाजलेली अख्खी टर्की टेबलावर येते आणि मग वर्षभर तिचं नाव नसतं. खरं तर या पक्ष्याचं आणि गोव्याचं नातं फार जुनं आहे. १६१२ साली जहांगीर बादशहाचा सरदार मुकर्रब खान गोव्याहून काही दुर्मीळ पशुपक्षी घेऊन दरबारात परतला, त्यात एक टर्की होता. बादशहाला तो इतका अजब वाटला की त्याच्या डोक्या-मानेचे बदलते रंग त्याने आपल्या आठवणींत वर्णन करून ठेवले आणि चित्रकारांकडून त्याचं चित्र काढून घेतलं. मन्सूरचं टर्कीचं चित्र आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. पक्षी मूळचा उत्तर अमेरिकेचा, माणसाळला मेक्सिकोकडे. मिरचीसुद्धा तिकडचीच. तेव्हा टर्कीला हिरव्या मिरचीचं वाटण लावलं तर तो आपला आगाऊपणा ठरत नाही.

आता आकडे बघू, कारण ‘हेल्दी’ या शब्दाखाली काहीही खपतं. सगळे आकडे कच्च्या मांसाचे, १०० ग्रॅममागे आणि साधारण आहेत. टर्कीच्या छातीचं, कातडी काढलेलं मांस घेतलं तर ११५ कॅलरी, २३-२४ ग्रॅम प्रथिनं, दीड ग्रॅम चरबी. कोंबडीची छाती, तीही कातडीविना : १२० कॅलरी, २२-२३ ग्रॅम प्रथिनं, अडीच ग्रॅम चरबी. या दोघांत निवड करताना डोकं शिणवण्यात अर्थ नाही. आता अमेरिकेत ‘९३ टक्के लीन’ (म्हणजे चरबी वगळता ९३ टक्के मांस) म्हणून विकला जाणारा टर्कीचा खिमा घ्या : १५० कॅलरी, १८-१९ ग्रॅम प्रथिनं, ७-८ ग्रॅम चरबी. तिथलाच साधा चिकनचा खिमा जवळजवळ हेच आकडे दाखवतो. खरी उडी पुढे आहे. कोंबडीची मांडी कातडी काढून घेतली तर चरबी ४ ग्रॅमच्या आसपास राहते, कातडीसकट घेतली तर १६ ग्रॅमच्या वर जाते. पक्षी तोच, मांडीही तीच.

ते ‘९३ टक्के लीन’ हे शब्दही जरा फसवे. हा हिशेब वजनाचा आहे, कॅलरींचा नाही. १०० ग्रॅममध्ये ७ ग्रॅम चरबी, प्रत्येक ग्रॅमच्या ९ कॅलरी, म्हणजे दीडशेतल्या ६३ कॅलरी चरबीच्या. चाळीस टक्क्यांहून जास्त. यात घाबरण्यासारखं काही नाही, थोडी चरबी असली तरच खिम्याला चव येते. पण ‘सात टक्के’ वाचून वर सढळ हाताने तेल ओतू नये. परदेशात राहणाऱ्यांनी आणखी एक बघावं : पाकिटावर नुसतं ‘ग्राउंड टर्की’ लिहिलेलं असेल तर त्यात कातडी आणि तिला चिकटलेली चरबी असू शकते, ‘टर्की ब्रेस्ट’ लिहिलेलं असेल तर मांस छातीचं. दोन्ही पाकिटं एकाच फळीवर शेजारी शेजारी असतात आणि घाईत चुकीचं उचललं जातं.

टर्की खाल्ली की झोप येते, कारण तिच्यात ट्रिप्टोफॅन हे अमिनो आम्ल फार, हीसुद्धा अशीच एक कहाणी. कोंबडीतही ते जवळपास तेवढंच असतं. झोप येते ती नाताळच्या एकूण जेवणाने.

गोव्यात डिसेंबरमध्ये कोल्ड स्टोरेजच्या दुकानांत गोठवलेली अख्खी टर्की मिळते, पण तिचा खिमा रोजच्या बाजारात सहज मिळणाऱ्यातला नाही. तेव्हा बदली खेळाडू कोंबडीच. दुकानात ट्रेमध्ये आधीच करून ठेवलेला फिकट गुलाबी, लगद्यासारखा खिमा शक्यतो घेऊ नका. त्यात काय काय गेलंय ते दुकानदारालाच ठाऊक. ‘लेग बोनलेस, कातडी काढून, समोर खिमा करून द्या’ असं सांगायचं. मांडीचं मांस गडद, त्यात लोह आणि जस्त जास्त, चरबी बेताची आणि चवीला ते टर्कीच्या जास्त जवळ जातं. टर्की हा चालणारा पक्षी, त्याच्या पायाचं मांस चांगलंच गडद असतं आणि मिश्र खिम्याला थोडा भारदस्त वास त्याच मांसाचा येतो. छातीचा खिमा हवा असेल तर घ्या, पण तो कोरडा पडतो हे धरून चाला. यंत्र नसलेलं दुकान असेल तर बोनलेस तुकडे घरी आणून अर्धा तास फ्रीझरमध्ये ठेवा आणि मिक्सरला तीन-चार झटके द्या. सलग फिरवलं तर पेस्ट होते आणि मग कटलेटशिवाय गती नाही.

खिमा धुवायचा का, यावर घराघरांत वाद होतो. माझं मत स्पष्ट आहे : धुवू नका. धुतल्याने जंतू जात नाहीत. ते सिंकभर उडतात, आणि खिमा पाणी धरून बसतो. किळस वाटत असेल तर दुकानदाराला तुकडे आधी स्वच्छ करून, कोरडे करून मग यंत्रात घालायला सांगा.

कढईत मात्र हे दोन खिमे थोडे वेगळे वागतात. पाकिटातला टर्कीचा खिमा बहुधा जाडसर, शेवेसारख्या लडींचा असतो. तव्यावर पडला की दाणेदार सुटतो. आपल्याकडचा चिकन खिमा बारीक आणि ओलसर, त्याचे गोळे होतात. पावभाजीचा मॅशर इथे कामाला येतो, पहिल्या तीन-चार मिनिटांतच गोळे फोडून टाकायचे. उलट टर्कीच्या छातीच्या खिम्याला अंगची चरबी जवळजवळ नसते, त्यामुळे त्याला एक चमचा तेल जास्त आणि कांद्याचा ओलावा लागतो. तिथे हात आखडला तर खाताना भुसा चावल्यासारखं वाटतं.

पण दोघांच्याही बाबतीत आपल्याला आडवी येते ती मटण खिम्याची सवय. मटणाला भरपूर पाणी, मंद आच, कुकरच्या शिट्ट्या. कोंबडी किंवा टर्कीच्या खिम्याला शिट्टी दिली की संपलं. त्याला शिजायला दहा-बारा मिनिटं पुरतात, पुढची सगळी मिनिटं फक्त रस काढून घेतात. आणि पाणी तर मुळीच घालायचं नाही, कारण खिमा स्वतःचंच पाणी सोडतो. जोवर ते पाणी कढईत आहे तोवर तापमान १०० अंशांच्या वर जात नाही, आणि मांसाला खरपूस तांबूस रंग यायला साधारण १४० अंश लागतात. म्हणून कढई रुंद हवी, आच मोठी हवी, आणि एका वेळी अर्ध्या किलोपेक्षा जास्त खिमा नको. पसरायचा आणि दोन-तीन मिनिटं हातच लावायचा नाही. सतत ढवळत राहणाऱ्यांचा खिमा कायम करड्या रंगाचा का राहतो, त्याचं कारण हेच.

मिठाचंही तसंच. मीठ आधी चोळून ठेवलं की मांसातली प्रथिनं चिकट होतात आणि खिमा एकमेकाला धरून बसतो. कटलेट, कबाब करायचे असतील तर हे हवंच. मोकळा खिमा हवा असेल तर मीठ तो सुटल्यावरच घाला.

चार माणसांचं जेवण असं होतं. मसाला काफ्रेयालच्या, म्हणजे गोव्यातल्या हिरव्या वाटणाच्या चिकनच्या वळणाचा, कारण तो दोन्ही मांसांना सारखाच शोभतो आणि त्यात खोबरं लागत नाही. शागोतीचं (भाजलेल्या खोबऱ्याच्या गोवन रश्श्याचं) वाटण सुंदर, पण रात्री आठला कामावरून येऊन खोबरं भाजत बसायचं असेल तर झटपट या शब्दाला काही अर्थ उरत नाही. कोथिंबिरीची एक जुडी, तीन-चार हिरव्या मिरच्या, सहा-सात लसूण पाकळ्या, इंचभर आलं, आठ-दहा मिरीदाणे, तीन लवंगा, दालचिनीचा छोटा तुकडा आणि अर्धा चमचा जिरं, हे कमीत कमी पाण्यात वाटून घ्या. आळसांदे (गोव्याकडची मोठी चवळी) सकाळी भिजत घालून शिजवून ठेवलेले असले तर उत्तम, वाटीभर पुरतात.

कढईत एक मोठा चमचा तेल तापवा, अर्धा किलो खिमा पसरा. खालून रंग आला की उलटा, गोळे फोडा, पाणी आटू द्या. मग खिमा एका बाजूला सारून मोकळ्या जागेत दोन बारीक चिरलेले कांदे परता, ते मऊ झाले की वाटण घाला. वाटणाचा कच्चा वास गेला की सगळं एकत्र करा, मीठ घाला, आळसांदे घाला आणि झाकण ठेवून पाचेक मिनिटं मध्यम आचेवर राहू द्या. टर्कीचा छातीचा खिमा असेल तर याच वेळी दोन चमचे पाणी शिंपडायला हरकत नाही. खिमा पुरता शिजल्याची खात्री झाली की शेवटी चिरलेली तांबडी भाजी (लाल माठ) घालायची, ती दोन मिनिटांत बसते. गॅस बंद करून माडाच्या सुरेचं, म्हणजे माडीचं, व्हिनेगर एक मोठा चमचा. बिडाच्या लोखंडी कढईत व्हिनेगर आधी घालून उकळत ठेवलं तर जेवणाला लोखंडाची चव लागते, म्हणून शेवटीच. माणशी साधारण २४ ग्रॅम प्रथिनं खिम्यातून मिळतात, आळसांद्यांची वेगळी.

तांबडी भाजी शेवटी घालण्यामागे आणखी एक कारण आहे. ती लाल रस सोडते. ती आधी पडली तर कढईतला लालसरपणा भाजीचा की कच्च्या मांसाचा, हे कुणालाच सांगता येत नाही. तसाही रंगावर भरवसा ठेवू नये. टर्कीचा खिमा पूर्ण शिजूनही कधी गुलाबी राहतो, आणि कधी आतून कच्चा असताना वरून करडा दिसतो. दोन्ही पक्ष्यांना नियम एकच : आतलं तापमान ७४ अंश सेल्सिअस. अख्ख्या तुकड्यात जंतू बहुतेक वरच्या पृष्ठभागावर असतात, खिमा करताना ते आतपर्यंत मिसळतात, म्हणून खिम्याच्या बाबतीत ‘थोडा रसरशीत ठेवू’ हा लाड चालत नाही. थर्मामीटर नसेल तर सगळ्यात मोठा गोळा फोडून बघा. तो मधूनही वाफाळता आणि भुसभुशीत हवा, आणि त्यानंतरही झाकणाखाली दोन-तीन मिनिटं द्या.

चोरीसचे (गोव्याच्या मसालेदार डुकराच्या सॉसेजचे) दोन मणी फोडून घातले की चव एकदम उठते, हे खरं. पण मग चरबी आणि मीठ यांचा वर केलेला सगळा हिशेब बाजूला ठेवा आणि घरच्या मिठाला हात आवरा. मी घालते, महिन्यातून एखाद्या वेळी.

सोबत पोई, म्हणजे गोव्याचा कोंडा लावलेला पाव. पोळी करायचा त्रास वाचतो आणि कोंड्याची पोई मैद्याच्या पावापेक्षा बरी. भातच हवा तर उकड्या तांदळाचा, पण तो शिजायला कढईपेक्षा जास्त वेळ घेतो, आणि भांडं दुसरं लागतं. घरात कुणाचा सोमवार असेल तर आळसांदे आणि तांबडी भाजी याच वाटणात खिम्याच्या आधी परतून वेगळी काढून ठेवा. कढई तीच राहते.

कच्चा खिमा, टर्कीचा असो वा चिकनचा, फ्रिजमध्ये एक-दोन दिवसांपलीकडे ठेवू नये. गोठवलेला असेल तर आदल्या रात्री फ्रीझरमधून फ्रिजमध्ये उतरवावा, ओट्यावर नाही. शिजलेलं उरलं तर दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये, आणि मे महिन्यात पारा ३२ च्या वर असेल तेव्हा तासाभरातच. असा खिमा तीन दिवस छान राहतो. दुसऱ्या दिवशी डब्याला न्यायचा असेल तर वाफ येईपर्यंत गरम करून पोईत भरा, आणि पोई ओली होऊ नये म्हणून तांबडी भाजी निथळून घ्या.