मधपेटीतलं ओव्याचं फूल

अमृतधारेची बाटली उघडली की नाकात झिणझिण्या येतात. त्या वासात कापूर, पुदिन्याचं फूल आणि ओव्याचं फूल असतं. ओव्याचं फूल म्हणजे थायमॉल. युरोपातले मधपाळ तेच मधपेटीत ठेवतात, मधमाश्यांवर जगणाऱ्या व्हरोआ नावाच्या परजीवी कोळ्याला मारण्यासाठी.

हा कोळी जेमतेम दीड मिलिमीटर रुंद, तांबूस आणि चपटा. मोहरीचा दाणा बोटाने चेपावा तसा. मूळचा तो आपल्या सातेरी मधमाशीच्या जातीवरचा. युरोपीय मेलिफेरा माश्या माणसाने आशियात आणल्या आणि हा त्यांच्यावर चढला. ऑस्ट्रेलियाने त्याला बरीच वर्षं लांब ठेवलं होतं. २०२२ मध्ये तिथेही तो सापडलाच.

मधमाशीच्या अळीचं घर मेणाने बंद होण्याच्या जरा आधी कोळ्याची मादी आत शिरते आणि अळीच्या अन्नात दडून बसते. झाकण लागल्यावर अडीच-तीन दिवसांनी पहिलं अंडं घालते, त्यातून नर निघतो. पुढच्या अंड्यांतून मादी. बहीणभावांचंच मीलन होतं, आणि बारा दिवसांनी कामकरी माशी बाहेर पडते तेव्हा आई आणि तयार झालेल्या लेकीही तिच्याबरोबर निघतात. सोबत विषाणू असेल तर माशी चुरगळलेले पंख घेऊनच जन्मते.

म्हणून औषध निवडताना पहिला प्रश्न झाकणाचा. ऑक्झॅलिक आम्ल माश्यांच्या अंगावरचे कोळी मारतं, पण झाकणाआड पोचत नाही. युरोपात कडक थंडीत राणी अंडी घालायची थांबते, तेव्हा ते चांगलं लागू पडतं. आपल्याकडे तशी उसंत क्वचितच मिळते. मग राणीला साधारण चोवीस दिवस छोट्या पिंजऱ्यात ठेवून ती मुद्दाम घडवून आणावी लागते. फॉर्मिक आम्लाची वाफ मात्र झाकणातून आत जाते. पण ऊन तापलं की वाफ जास्त होते आणि राणीच दगावू शकते. थायमॉलचं उलटं, गारठ्यात ते उडतच नाही.

फ्लुव्हॅलिनेट या कोळीनाशकाच्या पट्ट्या पोळ्याच्या फ्रेमांच्या मधे टांगणं सगळ्यात सोपं, आणि माझ्या मते तिथेच घोटाळा झाला. वर्षानुवर्षं तेच औषध वापरल्याने कोळी त्याला सरावले, औषध मेणात मुरत राहिलं. आधी मोजावं, मग मारावं. बरणीत सुमारे ३०० माश्या (राणी नाही ना, हे बघून!) आणि पिठीसाखर घेऊन घोळवायचं, जाळीच्या झाकणातून साखर चाळायची. नऊ कोळी पडले, म्हणजे शंभरामागे तीन. आता थांबू नये.

सातेरीला यातलं फारसं काही लागत नाही. तिच्याकडे हा कोळी मुख्यतः नरांच्या घरात वाढतो. नराच्या घराच्या झाकणाला मधोमध बारीक छिद्र असतं. आतला नर कोळ्यांनी पार खंगला, तर कामकरी माश्या ते छिद्र मेणाने बुजवतात आणि त्याला कोळ्यांसकट तिथेच गाडून टाकतात.