चाल तीच, पट्टी वेगळी

गोव्यातल्या वास्कोच्या दामोदर भजनी सप्ताहात चोवीस तास भजन थांबत नाही. काळी एकमध्ये गाणारा उठतो, काळी चारमध्ये गाणारा बसतो. पट्टी बदलली तरी अभंगाची चाल तीच राहते. याला संगीतात ट्रान्स्पोझिशन म्हणतात, आणि बुद्धिबळात व गणितातही हाच शब्द आहे. अर्थ तीन असले तरी तिन्हीकडे विचारायचं एकच: काय हललं, आणि काय जागचं हललं नाही?

आधी पेटी घेऊ. पांढरी एकला ०, काळी एकला १, पांढरी दोनला २ असे क्रमाने पांढरी सातपर्यंत ११ आकडे द्या. शुद्ध सा रे ग म प ध नी म्हणजे ०, २, ४, ५, ७, ९, ११. सा काळी एकवर न्यायचा तर प्रत्येकात १ मिळवायचा, १२ झाले की पुन्हा ०: १, ३, ५, ६, ८, १०, ०. बोटांच्या भाषेत काळी एक, काळी दोन, पांढरी चार, काळी तीन, काळी चार, काळी पाच आणि वरची पांढरी एक. नवशिका चुकतो तो इथे, कारण तो फक्त पांढऱ्या पट्ट्या मोजतो. पांढरी तीन-चार आणि सात-एक यांच्यामध्ये काळी नसते. त्यामुळे सा पांढरी दोनवर ठेवून सरळ पांढऱ्याच वाजवल्या की गंधार आणि निषाद कोमल होतात, आणि बिलावल थाटाचा (सगळे सूर शुद्ध) काफी थाट होतो.

ही सरकवासरकव जमते, कारण पेटीचे बाराही टप्पे सारखे असतात. प्रत्येक सुराची कंपनसंख्या आधीच्याच्या सुमारे १.०५९५ पट. त्याची किंमत गंधार चुकवतो: तंबोऱ्यातून उमटणाऱ्या गंधारापेक्षा तो १४ सेंट चढा लागतो (एक टप्पा म्हणजे १०० सेंट). हे कानाला खटकतं, म्हणून काहीजण एकाच सा-ला धरून गंधार ट्यूनिंग करून घेतात. सूर गोड लागतात, पण पट्टी बदलली की अडचण. सा-च्या ९/८ पट असलेला रिषभ आणि ५/३ पट असलेला धैवत यांच्यातलं गुणोत्तर ४०/२७ येतं, म्हणजे १.४८१, हवं असतं १.५. जुन्या रिषभावर नवा सा मांडला की पंचम २२ सेंट उतरलेला. स्केल चेंजरही (पट्टी बदलायची सोय असलेली पेटी) इथे कामाचा नाही. त्यात पट्ट्या सरकतात, आतल्या रीड आहेत तिथेच राहतात. सप्ताहाला समान टप्प्यांचीच पेटी न्यावी. गंधार ट्यूनिंगची पेटी एका गायकासाठी ठेवावी.

फेस्ताच्या (चर्चच्या उत्सवाच्या) ब्रास बँडमध्ये हाच हिशेब कागदावर करावा लागतो. बी-फ्लॅट ट्रंपेट लिहिलेल्यापेक्षा दोन टप्पे खाली वाजतो, आल्टो सॅक्सोफोन नऊ. म्हणून पियानोच्या सुरांपेक्षा ट्रंपेटला दोन, आल्टोला नऊ टप्पे वर लिहून द्यायचं. ट्रंपेटचा कागद चुकून आल्टोकडे गेला तर फरक सातचा पडतो, म्हणजे नेमका पंचमाचा. पंचम कानाला जुळल्यासारखा वाटतो, त्यामुळे गोंगाटात चूक लगेच कळत नाही. सुरुवातीलाच पियानोच्या बी-फ्लॅटवर (काळी पाच) सगळ्यांना थांबवावं: ट्रंपेटवाल्याच्या कागदावर तिथे सी (पांढरी एक) हवा, आल्टोच्या कागदावर जी (पांढरी पाच).

बुद्धिबळात उलटं घडतं. तिथे चालींचा क्रम बदलतो, पटावरची स्थिती तीच राहते. २०२५ चा विश्वचषक गोव्यात झाला, २०६ खेळाडू आले, आणि त्या पातळीवर सुरुवातीचे डाव बरेचदा या क्रमावरच ठरतात. घराच्या नावात अक्षर म्हणजे उभी रांग, आकडा म्हणजे आडवी; नुसतं घर लिहिलं तर तिथे प्यादं. पांढऱ्याने डी४, सी४ आणि सी३ वर घोडा. काळ्याने एफ६ वर घोडा, ई६ आणि डी५. डाव डी४ ने सुरू करा की सी४ ने, शेवटी पट एकच. पण सगळे क्रम चालत नाहीत: घोडा आधी सी३ वर आला की सी-प्यादं त्याच्यामागे अडकतं. शिवाय वाटेत फाटे असतात. काळ्याने डी५ लांबवलं तर त्याचा उंट बी४ वर येऊन घोड्याला जखडू शकतो. नुसती मोहरी जुळूनही भागत नाही. खेळी कोणाची आणि किल्लेकोटाचा हक्क उरला आहे का, हेही तेच हवं.

संगणकाला याचा मोठा फायदा होतो. पहिल्या तीन खेळ्या (पांढरा, काळा, पुन्हा पांढरा) ८,९०२ प्रकारे होतात, स्थिती मात्र ५,३६२ च. तीच स्थिती पुन्हा तपासायला नको म्हणून १९७० मध्ये संगणकशास्त्रज्ञ आल्बर्ट झोब्रिस्ट यांनी युक्ती मांडली: १२ प्रकारची मोहरी गुणिले ६४ घरं, असे ७६८ यादृच्छिक आकडे ठरवायचे आणि पटावर असलेल्यांचा 'एक्सऑर' करायचा (दोन आकड्यांचे ०-१ चे बिट जुळले की ०, वेगळे असले की १). एक्सऑरला क्रमाचं सोयरसुतक नाही, त्यामुळे कुठल्याही वाटेने आलात तरी उत्तर एकच.

गणितातलं ट्रान्स्पोझिशन सर्वांत साधं: दोनच वस्तूंची अदलाबदल. कुठलीही मांडणी अशा अदलाबदलींनी साधता येते, आणि त्या किती लागल्या हे बदललं तरी संख्या सम की विषम हे बदलत नाही. पंधरा सोंगट्या आणि एक रिकामं घर असलेल्या सरकत्या कोड्यात फक्त १४ आणि १५ उलटे असतील तर ते सुटत नाही, ते याचमुळे. १८७९ मध्ये जॉन्सन आणि स्टोरी या गणितज्ञांनी हे सिद्ध केलं. चौकटीला बुद्धिबळासारखे काळे-पांढरे रंग द्या. रिकामं घर प्रत्येक सरकीला रंग बदलतं, म्हणून कोपऱ्यात परतायला त्याला सम सरकी लागतात. प्रत्येक सरक ही एक अदलाबदल, आणि आपल्याला हवी आहे एकच, म्हणजे विषम.