हौशी सुतारकाम

पोटापाण्याचा धंदा म्हणून नव्हे, तर आवडीपोटी फावल्या वेळात केलेले लाकूडकाम. पाट, चौरंग, पोळपाट, पुस्तकांची मांडणी, मुलांचे ठोकळे, कधी धीर करून देव्हारा, अशा वस्तू घरच्या घरी घडवणे त्यात येते. सुतार हा बारा बलुतेदारांपैकी एक. नांगर, बैलगाडीची चाके, दाराच्या चौकटी गावाला त्याच्याच हातून मिळत. हौशी माणूस हीच हत्यारे वापरतो आणि हेच सांधे शिकतो, पण त्याच्याकडे वेळ असतो. कामाच्या मोलावर घर चालवणाऱ्याला एका फळीची कड दुपारभर उजेडात धरून न्याहाळणे परवडत नाही. हौशी सुताराचा खरा आनंद मात्र अशाच रेंगाळण्यात असतो.

पैशासाठी नव्हे, तर माणूस घडावा म्हणून लाकूडकाम शिकवावे, हा विचार १९व्या शतकात फिनलंडमध्ये उनो सिग्नेउस यांनी शाळेत आणला. पुढे स्वीडनमधील नेस येथे ओट्टो सालोमोन यांनी त्याची शिस्तशीर पद्धत बसवली. आपल्याकडे १९३७च्या वर्धा शिक्षण परिषदेनंतर आलेल्या नयी तालीममध्ये, म्हणजे गांधीजींच्या हस्तोद्योगातून शिक्षण देण्याच्या पद्धतीत, सूतकताईबरोबर सुतारकामालाही जागा होती.

हौशीची सुरुवात बहुधा लाकडाच्या वखारीत होते. तिथे सागवानाचा भाव घनफुटावर आणि जाडी सुतात सांगितली जाते. आठ सूत म्हणजे एक इंच. फळी उचलून तिच्या कडेवरून नजर टाकली की बाक आणि पीळ दिसतो. टोकाची वलये पाहून ती कोणत्या बाजूला वाकेल, याचा अंदाज येतो. ओला सागही वासावरून ओळखू येतो. पाडलेल्या वाड्यांचे जुने सागवान हौशींना फार प्रिय असते. कित्येक दशके वाळलेले असल्याने ते नव्या लाकडापेक्षा कमी हलते, म्हणजे कमी फुगते-आटते. त्यात लपलेला एखादा खिळा मात्र पात्याचा तुकडा उडवतो, म्हणून आधी लोहचुंबक फिरवून पाहावे. हत्यारांसाठी पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवारी आणि रविवारी चक्कर मारणारे अनेक आहेत. गंजलेला रंधा घरी आणून त्याला पुन्हा कामाला लावणे ही या छंदातली एक स्वतंत्र हौसच आहे.

सर्वांत जास्त जीव जडतो तो रंध्यावर. आज प्रचलित असलेल्या लोखंडी रंध्याची रचना अमेरिकेत लिओनार्ड बेली यांनी १८६०च्या दशकात पेटंटे घेऊन विकसित केली. १८६९मध्ये ती स्टॅनली कंपनीकडे गेली आणि कंपनीने रंध्यांना दिलेले क्रमांक जगभर रुळले. नऊ-साडेनऊ इंची चार नंबरचा रंधा शेवटचा हात फिरवायला असतो, तर सुमारे चौदा इंची पाच नंबरचा आधीच्या रांगड्या कामाला. त्यांत पाते ४५ अंशांत बसते. लाकडाचे तंतू ज्या दिशेने चढत जातात त्या दिशेने रंधा मारला, तर लांबलचक, अर्धपारदर्शक पापुद्रा वर येऊन गुंडाळी होतो आणि खालचा पृष्ठभाग काचेसारखा लागतो. उलट मारला, तर लाकूड खरखरून फाटते. फरक डोळ्यांच्या आधी कानांना कळतो. नीट चाललेल्या रंध्याचा ‘सर्र’ आवाज एकदा कानात बसला की पॉलिश पेपर घासण्याचा कंटाळा येऊ लागतो. जपानमध्ये कोण किती पातळ पापुद्रा काढतो, याचे ‘केझुरोकाई’ नावाचे मेळावे भरतात. तिथे मोजमाप मायक्रॉनमध्ये चालते. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो.

असे काम धारेशिवाय होत नाही. पाते २५ अंशांत घासून टोकाला ३० अंशांची बारीक धार देतात. त्यासाठी आधी हजार नंबरचा दगड, मग सहा किंवा आठ हजारांचा. सागात सिलिका असल्याने धार लवकर मरते, म्हणून सागावर काम करणाऱ्याला दगडाकडे सारखे परतावे लागते. धार लावायला वापरल्या जाणाऱ्या कठीण खनिजाचा ‘कुरुंद’ हा आपला जुना शब्द इथे आठवावा. इंग्रजीतला कोरंडमही भारतीय भाषांतूनच गेलेला आहे. धार लावण्याला कंटाळणारा माणूस हा छंद फार दिवस टिकवत नाही, असे दिसते.

नवशिक्याला पहिला मोठा धडा पावसाळा देतो. लाकूड हवेतला दमटपणा घेते आणि सोडते. लांबीत ते जवळजवळ बदलत नाही, रुंदीत मात्र फुगते आणि आटते, तेही वलयांच्या दिशेने, वलयांना आडव्या दिशेपेक्षा सुमारे दुप्पट. तीस सेंटिमीटर रुंदीची सागाची फळी उन्हाळ्यातून पावसाळ्यात जाताना दोन-तीन मिलिमीटर वाढू शकते. जुलैमध्ये खण अडकतो तो यामुळेच. पाट हे पहिल्या कामासाठी सोपे वाटते, पण खालच्या दोन आडव्या पट्ट्या घट्ट खिळ्यांनी ठोकल्या किंवा सरसाने पक्क्या चिकटवल्या, तर फळीला हलता येत नाही आणि ती तडकते. जाणता कारागीर आत रुंद होत जाणारी खाच पाडून पट्टी तीत सरकवतो. फळी धरलेली राहते आणि हलायलाही मोकळी असते. दाराच्या चौकटीत मधली लाकडी फळी खाचेत सुटी ठेवतात, तेही याच कारणाने. हे एकदा कळले की घरातल्या जुन्या कपाटाकडे पाहण्याची नजर बदलते.

शेवटचा हात लाखेचा किंवा तेलाचा. पळस, बोर, कुसुम या झाडांवरच्या कीटकांपासून मिळणारी लाख स्पिरिटमध्ये विरघळवून कापडाच्या बोळ्याने थरावर थर चढवतात. जवसाचे तेल लाकडाचा रंग खुलवते, पण त्याने माखलेल्या चिंध्या गोळा करून टाकल्यास आपोआप तापून पेट घेऊ शकतात. त्या पसरून वाळवाव्यात. लाकडाची धूळ फुप्फुसांना घातक असते, शिवाय कर्करोगकारक म्हणून तिची नोंद आहे. गॅलरीतल्या छोट्या कामालाही मास्क हवाच.

खंडेनवमीला महाराष्ट्रात शस्त्रांबरोबर कामाच्या हत्यारांचीही पूजा होते. हौशीच्या घरीही त्या दिवशी करवत, पटाशी, रंधा पुसून पाटावर मांडतात आणि झेंडूचे फूल वाहतात. तो पाट पुष्कळदा याच हत्यारांनी केलेला, जरासा तडकलेला, पहिलाच असतो.