खपली गहू आणि तांबेऱ्याची पळवाट

शंभरेक वर्षांपूर्वी अमेरिकेतल्या मिनेसोटात वनस्पतिरोगतज्ज्ञ एल्विन स्टॅकमन गव्हाच्या बारा वाणांच्या रोपांवर खोडाचा तांबेरा, म्हणजे गव्हाला रोग लावणारी एक बुरशी, सोडून बघत. कोण बळी पडतं, कोण तगतं, यावरून ते त्या बुरशीच्या उपजाती ओळखत. त्या बारांत आपली खपलीही होती. हो, खिरीची खपली! बाकीच्या रोपांवर विटकरी पुळ्या उठत, खपलीवर मात्र बहुतेक वेळा नुसते बारीक ठिपके.

तो ठिपका म्हणजे गव्हाने स्वतःच मारलेल्या पेशी. तांबेरा जिवंत पेशीवरच पोसतो. तो आत शिरला, की रोपाचा बचाव थंड करणारी प्रथिनं पेशीत सोडतो. त्यातलं एखादं रोपाच्या जनुकाने ओळखलं, तर लागण झालेली पेशी मरते आणि बुरशी उपाशी पडते. रोपाच्या प्रत्येक प्रतिकारक जनुकासमोर बुरशीचं एक जनुक असतं, हे हॅरॉल्ड फ्लॉर या शास्त्रज्ञाने 1940च्या दशकात जवसाच्या तांबेऱ्यावर दाखवून दिलं.

मग बुरशी सुटते कशी? आपल्याला वाटतं, ती जास्त ताकदवान होत असेल. 2017 साली गव्हाच्या एसआर35 या प्रतिकारक जनुकाचा जोडीदार बुरशीत सापडला, तेव्हा उलटंच दिसलं. एसआर35ला चकवणाऱ्या उपजातींमध्ये ते जनुक मधेच डीएनएचा एक भटका तुकडा घुसून निकामी झालं होतं. ओळख पटवणारं प्रथिनच उरलं नाही, मग पकडणार कुणाला?

एका पुळीतून हजारो बीजाणू उडतात, त्यामुळे असा बिघाड कुठे ना कुठे होतोच. रानात शेजारचं झाड वेगळ्या जनुकांचं असतं, तिथे तो फारसा पसरत नाही. आपण मात्र एकाच जनुकावर विसंबून देशच्या देश पेरतो. राय या धान्याकडून आलेलं एसआर31 जगभरच्या वाणांत होतं, अनेक दशकं टिकलं, आणि 1998 साली युगांडात त्यावर तांबेरा दिसला. तीच यूजी99 ही उपजात. बियाण्याच्या पिशवीवर ‘रोगप्रतिकारक’ छापतात, तिथे खरं तर ‘सध्यातरी’ हा शब्द जोडायला हवा.

 

खपलीतून मिळालेलं एसआर13 यूजी99ला रोखतं. इथिओपियातल्या काही उपजातींनी मात्र त्यालाही चकवलंय. खपलीच्याच जातकुळीतल्या दुसऱ्या एका गव्हाकडून आलेल्या एसआर2ची तऱ्हा निराळी. ते तांबेऱ्याला मारत नाही, त्याची वाढ फक्त मंदावतं. पुळ्या येतात, पण कमी. 1920च्या दशकापासून ते वापरात आहे आणि अजून मोडलेलं नाही. म्हणून पैदासकार आता असं एखादं मंद जनुक पायाला ठेवून त्यावर दोन-तीन कडक जनुकं एकाच वाणात बसवतात. मग सुटायचं तर बुरशीला एकाच बीजाणूत इतके सगळे बिघाड जुळवून आणावे लागतात.