ज्यू दफनभूमीतल्या जुन्या दगडांची निगा : काम देण्याआधी एवढं वाचा

आमचं मूळ काम मराठवाड्यातल्या बारवा आणि समाध्यांच्या काळ्या पाषाणाचं. बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या ज्यू कुटुंबांच्या कबरींचं काम येऊ लागलं तेव्हा आम्हाला आधी वाचायला शिकावं लागलं. या दगडांवर मराठीसोबत हिब्रू असते, ती उजवीकडून डावीकडे जाते, आणि मृत्यूचं सालही बरेचदा अक्षरांतच असतं. हिब्रूत प्रत्येक अक्षराला आकड्याची किंमत असते; त्या किमतींची बेरीज करून त्यात १२४० मिळवले की साधारण इसवी सन निघतो. ६६० आले तर १९००.

आता 'हे' आणि 'हेथ' ही दोन अक्षरं बघा. दिसायला जवळजवळ सारखी. 'हे'चा डावा पाय वरच्या रेघेला टेकत नाही, तिथे जेमतेम तांदळाएवढी फट असते. ती सिमेंटने बुजली की 'हे'चा 'हेथ' होतो, पाचाचे आठ होतात आणि कुणाच्या तरी आजीचं साल तीन वर्षांनी पुढे सरकतं. म्हणून आम्ही अक्षरांवर पुन्हा टाकी चालवत नाही, पुट्टीही भरत नाही.

संगमरवर आणि शहाबादी फरशीला ॲसिड लावू नका, कुणाला लावूही देऊ नका. दगड दोन दिवस पांढराशुभ्र दिसतो, पण वरचा थर विरघळून गेलेला असतो. तारेचा ब्रशही नको. आम्ही पाणी, काथ्याचा मऊ ब्रश आणि बांबूची काडी वापरतो. पाणीसुद्धा बोअरचं नाही. आपल्याकडच्या बोअरच्या पाण्यातले क्षार दगडावर पांढरे डाग सोडतात. मसाल्यात पडतं त्या दगडफुलाच्या जातीची बुरशी दगडाला चिकटलेली असते. ती ओली करून, थांबून, हलक्या हाताने काढावी लागते. चार फेऱ्या लागतात, आणि दगड नव्यासारखा होत नाही. तसा व्हावा असा आमचा आग्रहही नाही.

पिंपळाचं रोप ओढून काढत नाही, बुंध्याशी कापतो. कबर उकरणं किंवा हलवणं ज्यू धर्मात निषिद्ध आहे, म्हणून खचलेल्या दगडाला फक्त वरून आधार देतो. कबरीवर ठेवलेले खडे कचरा समजून झाडत नाही. भेटायला आलेल्यांनी ते आठवणीने ठेवलेले असतात.

ज्यूंचा विश्रांतीचा दिवस शनिवार, तो शुक्रवारच्या सूर्यास्तापासून सुरू होतो. शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून कोकणात बेने इस्राएल समाजाला शनिवार तेली म्हणत. आम्हीही शुक्रवारी सूर्य मावळायच्या आत अवजारं आवरतो.

काम द्यायचं असेल तर दफनभूमीच्या विश्वस्तांची लेखी परवानगी आणि सकाळच्या किंवा संध्याकाळच्या तिरप्या उन्हात काढलेला फोटो पाठवा. भर दुपारच्या फोटोत कोरीव अक्षरं दिसत नाहीत.