तारण एक, जोखमी दोन

घर गहाण आहे म्हणजे बँकेचे पैसे सुरक्षित, हा समज अर्धाच खरा. अपेक्षित तोटा हा तीन आकड्यांचा गुणाकार असतो: कर्ज थकण्याची शक्यता, थकल्या दिवशीचे येणे आणि तारण विकूनही बुडणारा हिस्सा. तारणाचा उपयोग मुख्यतः तिसऱ्या आकड्यापुरता, आणि तोही वाटतो त्यापेक्षा कमी.

समजा, 60 लाखांच्या फ्लॅटवर 48 लाखांचे कर्ज दिले आणि सुरुवातीलाच हप्ते थांबले. 90 दिवस उलटले की खाते अनुत्पादक. मग सरफेसी कायद्याची (कोर्टात न जाता बँकेला तारण विकू देणारा कायदा) 60 दिवसांची नोटीस, ताबा, मूल्यांकन, लिलाव. मध्येच स्थगिती आली तर वर्षे जातात. तीन वर्षांनी लिलावात 40 लाख हाती आले, तर तोटा 8 लाखांचा दिसतो. पण 9 टक्के दराने त्या 40 लाखांचे आजचे मूल्य जेमतेम 31 लाख. म्हणजे तोटा 17 लाखांचा, कर्जाच्या सुमारे 36 टक्के. वकिलाची फी आणि सोसायटीची थकबाकी वेगळीच.

बिल्डरच्या कर्जात गणित आणखी बिघडते. गृहकर्ज पगारातून फिटते, बिल्डरचे कर्ज फ्लॅटच्या विक्रीतून. मंदी आली की विक्री थांबते आणि त्याच वेळी तारणाचा भावही पडतो. अर्धवट सांगाड्याला तर गिऱ्हाईकच मिळत नाही. हा फरक नियमांतही दिसतो. रिझर्व्ह बँकेने ऑक्टोबर 2020 मध्ये घराच्या किमतीच्या 80 टक्क्यांपर्यंतच्या नव्या गृहकर्जांना 35 टक्के जोखीम भार (कर्जाचा किती हिस्सा जोखमीचा धरून त्यावर भांडवल राखायचे ते प्रमाण) ठरवला. दुकाने-कार्यालयांसारख्या व्यापारी बांधकामाच्या कर्जाला तो 100 टक्के होता. 9 टक्के भांडवलाच्या नियमाने 1 कोटीमागे पहिल्याला 3.15 लाख आणि दुसऱ्याला 9 लाख भांडवल तेव्हा लागे.

आयर्लंडमध्ये 2008 नंतर हेच घडले. बिल्डरांना भरमसाट कर्जे देणाऱ्या अँग्लो आयरिश बँकेचे जानेवारी 2009 मध्ये राष्ट्रीयीकरण करावे लागले. नामा या सरकारी संस्थेने बँकांची 74 अब्ज युरोंची मालमत्ता-कर्जे सुमारे 32 अब्जांना उचलली.

आपल्याकडची खरी मेख मात्र एकाच प्रकल्पात बिल्डर आणि ग्राहक दोघांनाही कर्ज देण्यात आहे. कागदावर खाती शेकडो, जोखीम एकच. '80:20' योजनांत 20 टक्के रक्कम ग्राहक भरे आणि 80 टक्के बँकेचे कर्ज बांधकामाआधीच बिल्डरच्या हाती पडे; ताब्यापर्यंतचे व्याज बिल्डरने भरायचे. काम रखडले की ताबा नाही, बिल्डर व्याज भरेनासा होई आणि थकबाकीदार मात्र ग्राहक ठरे. सप्टेंबर 2013 मध्ये रिझर्व्ह बँकेने बँकांना बजावले: पैसे बांधकामाच्या टप्प्यांप्रमाणेच सोडा.